मावशीच्या मागचं पोतं

पाचोडच्या आठवडी बाजारात कडूबाई मिरच्या विकायची, आन् तिच्या मागं कायम एक रिकामं पोतं अंथरलेलं असायचं. तिथं तिचा नवरा बसायचा. तो मरून लई वर्षं झाली, पण पोतं काही तिनं उचललं नाय. गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की ती मान मागं वळवायची. "ऐकलं का? पाव्हण्याला मिरची फुकट पायजे, वर फोडणीबी आपणच टाकून द्यायची." गिऱ्हाईक लाजून, हसून घ्यायचं. बाजारात तिला कोणी येडी म्हणत नव्हतं.

इंद्रजीत तिच्या बहिणीचं पोरगं, गारखेड्यात वाढलेलं. सुट्टीत मावशीजवळ बसून ऐकत राहायचा. मोठा झाल्यावर मुंबईला गेला, टीव्हीवरच्या कॉमेडी शोला स्किटं लिहायला लागला. एकबी धड चालंना. मग एकदा चॅनलवाल्यांसमोर घाम फुटला आन् तोंडातून मावशीच निघाली. एका नटाला लुगडं नेसवलं, पुढं मिरच्या, मागं रिकामं पोतं. नटानं मागं बघून "ऐकलं का" म्हटलं की परीक्षक खुर्चीवरून घसरायचे.

इंद्रजीतनं फ्लॅट घेतला, गाडी घेतली. मावशीला फोन तेवढा केला नाय. उद्या करू, उद्या करू, असंच चाललं.

आता चॅनलला मिरचीवाली परत पायजे होती, आन् ह्याला एक ओळ सुचंना. मावशीजवळ घटकाभर बसू, ऐकू, पुन्हा भरून घेऊ, असं ठरवून तो बाजाराच्या दिवशी पाचोडला उतरला.

मावशी त्याच जागी होती. मिरच्यांत एक पुठ्ठा खोचलेला, त्यावर खडूनं भाव. एक बाई घासाघीस करायला लागली, तर मावशीनं पुठ्ठ्याकडं नुसतं बोट केलं. बाई निघून गेली. तेवढ्यात दोन पोरं मोबाईल रोखून आली.

"ए आजी, नवऱ्याला आवाज दे ना एकदा."

मावशी खाली मान घालून मिरच्या निवडत राहिली. शेजारच्या लसूणवाल्या मालनबाईनं शिवी हासडली तवा पोरं पांगली. मालनबाईनं इंद्रजीतला वळखलं, आन् एवढंच बोलली की टीव्हीवर आल्यापासून हिनं तोंडच मिटलंय.

इंद्रजीत पाया पडला. तिच्यासाठी आणलेली साडी पिशवीतून निघंना.

"मावशे, मला शिव्या तरी दे."

"मोबाईल चालू हाय का तुझा?"

त्यानं बंद करून दाखवला. ती पुन्हा मिरच्या निवडायला लागली. ऊन चढलं. उभं राहून त्याचे पाय भरून आले, पण पोत्याकडं बघायची हिंमत होईना.

"बस त्याच्यावर," मावशी म्हणाली.

"तिथं कसा बसू?"

"बस की. येत नाय ते आता. लोकं हसतेत म्हणून."