नीट बंद केलेलं मशीन

तोमाशच्या मेलमध्ये एकच प्रश्न होता, आणि तो वाचून दिव्यानीच्या हातातला चहा तसाच राहिला.

‘फाइल सिस्टीम बंद होत असताना लिहिण्याचं एखादं काम मागे उरलं असेल, तर त्याला लागणारी माहिती तोवर जिवंत राहील, याची हमी तुमच्या कोडमध्ये नेमकी कोण देतं?’

तोमाश प्रागचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण वर्षभर तो तिचा कोड तपासत होता. त्याचे प्रश्न नेहमी असेच असत, सभ्य आणि पोटात गोळा आणणारे.

ब्रह्मपुरीच्या घरी, धानाच्या पोत्यांना लागून असलेल्या खोलीत बसून दिव्यानी कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्कवर काय कुठे ठेवलंय याचा कारभार त्यातला जो भाग पाहतो, ती फाइल सिस्टीम. हा कारभार जुन्या सी भाषेतला, आणि तिथे एक चूक झाली की लोकांच्या फायली मातीत जातात. दिव्यानी त्याच्यावर रस्ट भाषेचा एक सुरक्षित थर चढवत होती. पुढे कुणी नवी फाइल सिस्टीम लिहायला घेतली, तर चुकीचा कोड मुळात कंपाइलच होऊ नये, म्हणजे चालण्याजोगा बनूच नये, असा. पण या थराच्या तळाशी काही जागा अशा राहतातच, जिथलं कंपायलरला, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामला, दिसत नाही. तिथे लिहिणाऱ्याने ‘असुरक्षित’ अशी खूण करायची आणि हे का चालेल ते वर टिपेत लिहायचं. पुढे कंपायलर तुमच्या शब्दावर चालतो.

तिने ती जागा उघडली. टीप तिचीच होती: ‘फाइल सिस्टीम चालू आहे तोवर ही माहिती जिवंत असते.’

वाक्य खोटं नव्हतं. पण चालू असणं आणि बंद झालेलं असणं यांच्या मधल्या क्षणाबद्दल ते काहीच बोलत नव्हतं.

तिने एक चाचणी लिहिली: डिस्कवर काहीतरी लिहायला लावायचं, लगेच फाइल सिस्टीम बंद करायची, पुन्हा उघडून पाहायचं, आणि हेच परत परत. बराच वेळ काही झालं नाही. तिला हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात चाचणी थांबली. जिला कुणी हातही लावला नव्हता अशा एका फायलीच्या मधोमध कचरा भरला होता. मागे उरलेलं काम माहिती शोधायला गेलं, तोवर ती जागा कर्नलने दुसऱ्याला देऊन टाकलेली. तिथले परके आकडेच पत्ता समजून ते डिस्कवर लिहून मोकळं झालं होतं.

म्हणजे मशीन चालू आहे तोवर धोका नव्हता. धोका होता तो नीट, शिस्तीत बंद करण्यात.

आणि मग तिला पवनच्या गावचं मशीन आठवलं.

धानोऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावरही बरंच आत, पवनचं गाव. कॉलेजात तो तिच्या मागच्या वर्गात होता. गावच्या गोटुलात, म्हणजे पोरं जमतात त्या सामाईक घरात, पोरांसाठी वाचनालय काढायचं म्हणाला तेव्हा दिव्यानीनेच आपलं जुनं मशीन नेऊन बसवून दिलं. कर्नल तिचा, फाइल सिस्टीमही तिच्या थरावर उभी केलेली. चार लोकांनी रोज वापरल्याशिवाय कळणार कसं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. खरं म्हणजे थोडी ऐटही होती त्यात.

त्या मशीनवर मागच्या आठवड्यात पवनने आपल्या आजाचं, इसरूचं बोलणं भरून ठेवलं होतं. आजूबाजूच्या प्रत्येक डोंगराचं, नाल्याचं, झऱ्याचं गोंडी नाव, आणि ते नाव कसं पडलं त्याची गोष्ट. घाई होती, कारण इसरूच्या घशात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन परवा झालं. आता इसरू बोलणार नव्हता.

तिने पवनला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मेसेज टाकला, ‘मशीन बंद करू नका’. त्याच्यापुढे एकच टिक उमटली. पुन्हा फोन लावला.

“काय झालं वो?” दारातून आईने, गुणाबाईने विचारलं. “चेहरा काऊन उतरला तुहा?”

“मले धानोऱ्याले जा लागते आई. आत्ताच.”

“आत्ताच? ऊन पाह्यलं का बाहेर?”

“माह्या हातून काहीतरी चुकलं आहे.”

गुणाबाईने पुढे काही विचारलं नाही. पाण्याची बाटली भरली, रुमालात दोन पोळ्या गुंडाळल्या आणि पोरीच्या पिशवीत कोंबल्या.

आरमोरीमार्गे गडचिरोलीला जाणारी बस भरून निघाली. वैनगंगेच्या पुलावरून जाताना खाली पात्रात वाळूच वाळू दिसत होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडा पायाला दोरी बांधून बसवलेला. दिव्यानीचा हात दर मिनिटाला फोनकडे जायचा तसा तो मान वळवून पाहायचा. तिचं डोकं मात्र एकाच जागी फिरत होतं. लोक मशीन कधी बंद करतात? रोज. रोज बंद करूनही आजवर काही झालं नव्हतं, कारण बंद करण्याच्या अगदी आधी काही लिहिलं जात नव्हतं. किंवा झालंही असेल, आणि कुणी उघडून पाहिलं नसेल. हा दुसरा विचार आल्यावर तिने पवनला पुन्हा फोन लावला.

गडचिरोलीच्या बसस्टँडवर उतरली आणि फोन वाजला. पवन.

“ताई, तुहे पंधरा मिसकॉल दिसून राह्यले. मी धानोऱ्याले आलो हावो. काय झालं?”

“मशीन चालू आहे का?”

“चालू आहे ना. कालपासून गावात लाईन नाई. वारा सुटला, तारा पडल्या. पण बॅटरीवर चालू आहे. पोरं सकाळपासून त्याच्यावर आपली गाणी भरून राह्यली.”

म्हणजे आज लिहिणं चालू होतं. नेमकं आजच.

“बॅटरी संपली तर?”

“तर मंग ते आपोआप नीट बंद होते. तूच तर तसं करून देल्लं होतं.” पवनच्या आवाजात कौतुक होतं. “अन् माह्या मायलेबी शिकवलं तू. लाल दिवा लागला का बटन दाबाचं, अन् दिवा इझेपर्यंत थांबाचं.”

दिव्यानी बसस्टँडच्या गोंगाटातून बाजूला झाली. “पवन, ऐक. तसं बंद होऊ देऊ नोको. तू आधी पोच. पोरांले दूर कर, अन् मशीनची वायर सरळ उपट.”

पवनला खरं वाटेना.

“वायर उपटू नोका, वायर उपटू नोका, असं दहादा सांगतलं होतं तू.”

“सांगतलं होतं. आता उलटं सांगून राह्यली. वायर उपटली तर आजची गाणी जातीन. पण आजाचं बोलणं आधीचंच डिस्कवर आहे, ते राहीन. नीट बंद केलं तर काय जाईन ते मले सांगता येत नाई.”

“खात्रीनं सांगतं का ताई?”

हाच प्रश्न सकाळी तोमाशने विचारला होता. तेव्हा निदान टीप लिहिलेली होती, चुकीची का होईना. आता तिच्याकडे तीही नव्हती.

“खात्री नाई,” ती म्हणाली. “पण याच्यात धोका कमी आहे. जा लवकर.”

“निंगालो,” पवन म्हणाला आणि फोन तुटला.

धानोऱ्याची बस उशिरा सुटली. धानोऱ्याला उतरून जीप मिळाली, पण ती भरल्याशिवाय हलेना. दिव्यानीने ड्रायव्हरला दोनदा विनवलं, तो म्हणाला, “होते ना ताई, दोन सवाऱ्या येऊ द्या.” शेवटी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाच्या झाडांखालची पानं जाळून जमीन काळी केलेली, आणि वेचून झालेल्या फुलांचा आंबूस गोड वास गाडीत येत होता. एरवी तिला तो वास आवडायचा. आज ती फक्त घड्याळ पाहत होती. पवन केव्हाच पोचला असेल, असं ती स्वतःला सांगत होती. मोटरसायकलवर त्याला कितीसा वेळ लागतो.

गोटुलापाशी जीप थांबली. ओसरीवर पवन गुडघ्यात डोकं घालून बसला होता. शेजारी त्याची आई नीलाबाई, डोक्याला फडकं गुंडाळलेली, मोह वेचून आलेली तशीच. टोपली बाजूला पडलेली.

दिव्यानीला विचारायची गरजच पडली नाही.

“मी पोचाच्या पह्यलेच,” पवन म्हणाला. “मायनं बंद केलं.”

“लाल दिवा लागला होता,” नीलाबाई म्हणाली. “पोरं तर आयकेनात, गानेच भरून राह्यली. मीच बटन दाबलं. दिवा इझेपर्यंत थांबली, तू सांगतलं तसंच. पवन म्हन्ते चुकलं.”

“तुमचं नाई चुकलं बाई,” दिव्यानी म्हणाली. “तुम्ही बराबर केलं. माह्या कोडमध्ये चूक आहे. ते मशीन मी तुमच्याइथी आणालेच नोको होतं.”

नीलाबाईने तिच्याकडे पाहिलं. चूक कसली हे तिला कळलं नसावं. पण कुणाची आहे ते कळलं. ती उठली, आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली.

दिव्यानीने मशीन उघडून डिस्क बाहेर काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. फक्त वाचायची, लिहायची परवानगीच द्यायची नाही. तिचा थर मधे न घेता डिस्क थेट वाचणारा छोटा प्रोग्राम तिने चालवला. घाईत कमांड दोनदा चुकली. पोरं दाराशी येऊन उभी राहिली होती.

फायली दिसल्या. सगळ्यांची नावं जागेवर होती. नुसत्या नावांवर विश्वास ठेवायचा नाही, हे सकाळीच शिकून झालं होतं. पहिली फाइल लावली. इसरूचा आवाज आला, घोगरा, मधेच खोकणारा, बारीक हसणारा. नीलाबाईने तोंडाला पदर लावला. दुसरी लावली, ठीक. तिसरी, चौथी, ठीक. पोरांनी सकाळी भरलेल्या गाण्यांतलीही बरीचशी शाबूत होती. पवन आता उठून तिच्या मागे उभा होता, आणि दर फायलीला त्याचा श्वास सुटल्याचं तिला ऐकू येत होतं.

मग उत्तरेकडच्या नाल्यांची फाइल आली. इसरू एका वाघाची गोष्ट सांगत होता. पाण्यावर आलेला वाघ म्हातारीला पाहून माघारी फिरला, म्हणून त्या नाल्याचं नाव पडलं... आणि तिथून पुढे नुसती खरखर. दिव्यानीने पुढे सरकवून पाहिलं. खरखर. पार शेवटी पुन्हा आवाज आला, “झालं, आता पानी दे,” आणि फाइल संपली.

तिने त्या जागेवरचं जे होतं ते आकड्यांत काढून पाहिलं, इकडून तिकडून जोडता येतंय का ते पाहिलं. जुनं काही उरलंच नव्हतं. त्यावर दुसरं लिहिलं गेलं होतं.

“हे परत येत नाई का?” पवनने विचारलं.

“नाई.”

तो बाहेर निघून गेला. दिव्यानी त्याच्या मागे गेली नाही. जे वाचलं होतं त्याच्या तिने दोन प्रती काढल्या, एक पवनच्या फोनमध्ये आणि एक पेन ड्राइव्हवर. मग मशीनवरून आपला कर्नल आणि आपली फाइल सिस्टीम पुसून टाकली आणि जुनी, साधी, जगभर चालणारी बसवली. काम होईतो ऊन कललं होतं. नीलाबाईने तिला जाऊ दिलं नाही. जेवूनच जा म्हणाली. पवन जेवायला आला, आणि ताट संपताच उठून गेला.

घरी परतल्यावर दिव्यानी त्या कोडपुढे बसून राहिली. नुसती टीप सुधारून भागलं नसतं. ‘बंद होत असलेली’ ही अवस्थाच तिने एक वेगळा प्रकार म्हणून लिहिली. शेवटचं काम संपल्याचा पुरावा हातात असल्याशिवाय माहिती सोडून देताच येऊ नये, कुणी तसा प्रयत्न केला तर कोड कंपाइलच होऊ नये, असा. बरेच दिवस गेले त्यात. मधे दोनदा सगळं मोडून पुन्हा मांडलं. बदलासोबत पाठवायच्या मजकुरात तिने चाचणीत काय सापडलं ते लिहिलं, आणि हा दोष एका चालू मशीनवर घडला, परत न मिळणारी माहिती त्यात गेली, हेही लिहिलं. तोमाशचं उत्तर आलं. कोडबद्दल त्याच्या तीन शंका होत्या. खाली एक ओळ होती: ‘त्या माणसांना आता काय मदत करता येईल?’

तिने तिन्ही शंकांची उत्तरं लिहून पाठवली.

पवनचा फोन महिन्याभराने आला. इसरू घरी आला होता, गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. पवनने त्याला अर्धवट फाइल ऐकवली होती. खरखर सुरू झाली तेव्हा म्हातारा आधी चिडला, मग त्याने हाताने ‘चला’ अशी खूण केली.

“चला म्हंजे?”

“म्हंजे नाल्यावर. माय, मी अन् चार म्हातारे त्याले घेऊन गेलो होतो ताई. तो काठीनं नाला दाखवते, हे म्हातारे एकेक नाव घेते. बराबर असलं तं मान हलवते, नाई तं काठीच आपटते.” पवन हसला, बऱ्याच दिवसांनी तिने त्याचं हसणं ऐकलं. “मी फोनमध्ये भरून राह्यलो सगळं. एक नाला राह्यला. त्याचं नाव कोनालेच येत नाई, अन् आजाले लिहिता येत नाई. आजा लय येळ पान्याकडे पाहात बसला, मग रडला.”

दिव्यानीने लॅपटॉप मिटला.

“उद्या पलीकडच्या गावात एक बुढी आहे, तिले इचाराले जातो,” पवन म्हणाला. “तू येशीन का?”

“येते,” ती म्हणाली. “पह्यल्या बसनं येते.”