बारा वर्षं प्लास्टिकखाली

मित्रांनो, मी एका पांढऱ्या मोटारीची जुनी मागची सीट आहे. तिघांना ऐसपैस बसवावं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. आत मऊ गादी, वर करडं कापड, आणि वाटेत ते मळू नये म्हणून प्लास्टिक. हे प्लास्टिक मोटार घरी आली की काढायचं असतं. माझ्या मालकाने ते बारा वर्षं काढलं नाही.

मालक म्हणजे सुंदरराव. सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर ते हजेरी घेत. मांजरसुंब्याजवळच्या त्यांच्या गावातून पाच माणसं रोज त्या केंद्रावर जात. रस्ता एक, वेळ एक. पण तिघं तीन फटफट्यांवर आणि सुंदरराव मोटारीत एकटे. माझ्यावर बसायची फक्त त्यांची बॅग, आणि तिच्याखालीही ते रुमाल अंथरत. गावाला प्यायला टँकर, आणि हा गृहस्थ बादल्या ओतून मोटार धुणार! मला त्यांची किळस येई.

पाचवी भिवराबाई. ती केंद्रावर दुधाचे कॅन धुवायची. तिच्याकडे वाहन नव्हतं. ती फाट्यावर काळीपिवळी जीप धरायची, आणि जीप तर माणसं भरल्याशिवाय हलत नसे.

तेरा सालच्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं. संघाला माणसं कमी करायची होती. नियम निघाला की आठनंतर आलं की नावापुढे लाल फुली, आणि तीन फुल्या झाल्या की घरी बसायचं.

आता ऐका. रोज सकाळी भिवराबाई फाट्यावर हात करायची. सुंदरराव काच वर घ्यायचे. मग केंद्रावर जाऊन लाल पेन उघडून तिचीच वाट बघत बसायचे. आमची मोटार खिडकीखालीच उभी असे, मला सगळं दिसायचं. जिला स्वतः रस्त्यात सोडून आलो, तिलाच उशिराची फुली! अशा दोन झाल्या.

एके सकाळी घाटात आमचं इंजिन तापलं. भसाभसा वाफ निघाली. मालकापाशी पाण्याचा थेंब नव्हता. मागून जीप आली आणि तिच्यातून भिवराबाई उतरली.

"थांबा भाऊ, माझ्यापाशी हाय पाणी."

तिने आपली प्यायची बाटली रिकामी केली. अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर उडालं. तेवढ्यात जीप निघून गेली. इंजिन निवलं, सुरू झालं.

"मला बी घ्या की आता. आज तिसरी फुली हाय माझी."

सुंदररावांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"लुगडं वल्लं हाय बाई तुझं. शीट खराब व्हईल. ये मागून."

आणि मोटार निघाली. भिवराबाई चालत पोचली तेव्हा नऊ वाजले होते. सुंदररावांनी फुली मारली, तीही पट्टी लावून, सरळ. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच शिसारी आली. तिघांची जागा माझ्याजवळ, आणि एका बाईला ती पुरली नाही.

पुढे मोटार भंगारात गेली. फाट्यावर चहा विकणाऱ्या भामाबाईने मला विकत घेतलं आणि टपरीसमोर मांडलं. आधी तिने ते प्लास्टिक टराटरा फाडलं.

"मेल्यावर काढणार व्हता का हे?" ती म्हणाली.

भिवराबाई अजून त्याच फाट्यावर जीपची वाट बघते. आता ती बीडला लोकांची धुणीभांडी करायला जाते. पहिल्या दिवशी कामावरून ओल्या लुगड्याने परतताना तिने मला ओळखलं आणि ती लांबच उभी राहिली.

"नगं बाई, मळंल."

"मळू दे की! बसायलाच आणलीय," भामाबाई म्हणाली.

ती बसली. बारा वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं. समोरून सुंदरराव नव्या मोटारीतून गेले, एकटेच. मागची सीट प्लास्टिकखाली चकचकत होती.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी रोज एकटंच मोटार घेऊन कामावर जात असेल, तर त्याला विचारा, वाटेत कोण उभं असतं? आणि म्हणावं, एक तर त्या उभ्या माणसाला आत घ्या, नाहीतर त्याच्याबरोबर जीपमध्ये बसा. माझ्यावर आता भिवराबाईच्या ओल्या लुगड्याचा एक डाग आहे. तो कुणी धुऊ नका.