साडेसहाची परवानगी

बुश्रा लम्तीनं वर्षभर डूख धरला होता आणि त्याची तिला तसूभरही लाज वाटत नव्हती.

कासाब्लांकाच्या मारिफ भागात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती नोकरी करायची ती कंपनी होती. शहरभरातल्या दुकानांचे, औषधालयांचे आणि दोन शाळांचे कॉम्प्युटर ही माणसं आपल्या खुर्चीत बसून सांभाळत. इथून हुकूम सोडला की तिकडचं यंत्र बंद होतं, सुरक्षेचे नवे अपडेट घेतं आणि पुन्हा सुरू होतं. दुकानदाराला उठावंसुद्धा लागत नाही. हे सगळं ठरल्या वेळी आपोआप व्हावं म्हणून वेळापत्रक लावणं हे बुश्राचं काम. काम होतं, असं म्हणायला हवं, कारण ते तिच्याकडून काढून घेतलं होतं.

रमजानात अशा कामाला फार सोयीची वेळ मिळते. सूर्यास्ताचा भोंगा वाजला की अख्खं शहर हरिरा सूपच्या वाडग्यावर वाकलेलं असतं आणि दुकानं तासभर ओस पडतात. तेवढ्यात गल्ल्यावरची यंत्रं बंद करून, अपडेट घालून पुन्हा सुरू केली तर कुणाला पत्ताही लागत नाही. मेख एवढीच की रमजान लागताना देशाचं घड्याळ एक तास मागे घेतात आणि कंपनीचा मुख्य सर्व्हर बसलाय फ्रान्समध्ये. त्याला इथल्या रोज्यांशी काय देणंघेणं? तो आपल्याच घड्याळानं चालतो. म्हणून इथले साडेसहा हवे असतील तर त्याला साडेसात सांगावे लागतात.

गेल्या वर्षी बुश्रानं साडेसातच लिहिले होते. विभागप्रमुख तौफिक सेब्तीनं ते पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, या पोरीला साधी वेळ लिहिता येत नाही असं पुटपुटला आणि खोडून साडेसहा केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला कंपनीची जुनी गिऱ्हाईक हाज्जा झोहोर हिच्या सहाही मिठाईच्या दुकानांतले गल्ले काळे पडले. साडेपाच म्हणजे मधात घोळलेल्या शबाकियासाठी फुटपाथपर्यंत रांग, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठाला सिगरेट नाही आणि प्रत्येकाला भोंग्याआधी घर गाठायचंय. दोन दुकानांत माणसं हातघाईवर आली होती.

कुणी केलं हे शोधणं सोपं असायला हवं होतं. पण सगळा विभाग एकाच खात्यातून आत शिरायचा. खातं एक, पासवर्ड एक, आणि तो कागदावर लिहून चहाच्या ट्रेमागे चिकटवलेला. नोंदीत नुसतं ‘प्रमुख’ एवढंच दिसायचं आणि त्या ‘प्रमुख’च्या आड पाच माणसं होती. तौफिकनं बुश्राकडे बोट दाखवलं. बोट साहेबांचं, त्यामुळे पुरावा कुणी मागितला नाही.

हाज्जा झोहोर स्वतः जिना चढून आली होती. वीस माणसांसमोर बुश्राला उभं करून म्हणाली, “माझ्या रमजानची माती केलीस गं बाई. शिकलीस कशाला मग एवढी?”

तौफिक तेव्हा हाज्जाला खुर्ची पुढे करत होता. बुश्रानं माफी मागितली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागताना जीभ कशी जड होते, ते तिला त्या दिवशी कळलं. मग तिनं दीड पानी अहवाल लिहिला. दोन घड्याळांचा घोळ, दोन वर्तुळं काढून, शाळकरी पोरालाही समजेल असा. तो तौफिकच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो वाचला नाही. कशाला वाचेल? खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलं होतं. चूक समजून घ्यायची त्याला गरजच उरली नव्हती. ईदनंतर तो अहवाल त्याच्या जैतुनाच्या वाटीखाली तेलानं माखलेला तिला दिसला आणि त्याच दिवशी तिची बदली फोनच्या टेबलावर झाली. वर्षभर ती लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देत राहिली. घरी आईला मात्र तिनं बढती मिळाल्याचं सांगितलं होतं.

हिवाळ्यात ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सगळ्यांना नवी आवृत्ती सक्तीची केली. सामाईक खाती बंद. प्रत्येकानं आपल्या नावानं आत यायचं, आपल्या फोनवर अंगठा ठेवून ओळख पटवायची. आपोआप चालणारं कुठलंही काम लावलं की दुसऱ्या माणसाची परवानगी लागणार. त्यानं चोवीस तासांत होय-नाही काहीच केलं नाही, तर प्रमुख ते स्वतःच्या नावावर पुढे रेटू शकतो. आणि कोण कधी आलं, काय बदललं, ही नोंद मालकालाही पुसता येणार नाही.

तौफिकनं दोन महिने चालढकल केली. शेवटी प्रशिक्षणाला बसायची वेळ आली तेव्हा त्यानं ते बुश्राच्या गळ्यात टाकलं. ती चारही दिवस बसली, परीक्षा दिली, पास झाली. दुसरं कुणी पास झालं नाही, म्हणून परवानगी देणारं ते दुसरं माणूस म्हणजे फोनच्या टेबलावरची बुश्राच ठरली. तौफिकला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिला आपण कधीच गाडलं, ती आपलं काय वाकडं करणार?

रमजानचा दुसरा आठवडा होता. हाज्जाच्या दुकानांसाठी सुरक्षेचं एक तातडीचं अपडेट आलं आणि सकाळी बुश्राच्या स्क्रीनवर परवानगीची विनंती येऊन थांबली. तिनं ती उघडली. सहा दुकानं, अकरा यंत्रं. उद्या, वेळ साडेसहा.

तिनं दोनदा वाचलं. माणूस इतका कोडगा असू शकतो? जी चूक माझ्या नावावर खपवली, ती पुन्हा, तश्शीच, अक्षरही न बदलता?

नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं. ‘तास मागे गेलाय, साडेसात करा,’ इतकंच लिहायचं होतं. पण मग तौफिक निमूट दुरुस्ती करणार, आणि गेल्या वर्षीची काळी शाई तिच्या कपाळावर तशीच राहणार. होकार द्यायचा तर तिचंही नाव लागणार. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. खिडकी मिटली आणि एका दंतवैद्याचा पासवर्ड बदलून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तौफिक तिच्या टेबलापाशी आला.

“काय गं, माझी विनंती पडून आहे कालपासून. झोपलीस की काय?”

“फोन फार होते, सी तौफिक,” ती साहेबांना शोभेल अशा अदबीनं म्हणाली.

“तुला दोन कामं एका वेळी झेपत नाहीत, हे मी आधीपासून सांगतोय. राहू दे. मी स्वतःच करतो.”

“करा ना,” ती म्हणाली. “तुमच्या नावानं होईल, तेच बरं.”

त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि त्यावर अंगठा टेकवला. तो अंगठा पाहताना बुश्राला जे सुख झालं, ते तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा अनुभवलं होतं. तिनं मान खाली घालून ते लपवलं.

साडेपाच वाजले तेव्हा ती घड्याळाकडेच बघत होती. एक मिनिटानं पहिला फोन आला. तक्रारीचे फोन तिच्याकडेच येणार, हे उघड होतं. तिनं त्याचाही हिशेब धरला होता. धरला नव्हता तो पलीकडच्या आवाजाचा. हाज्जाच्या दर्ब गल्लेफ भागातल्या दुकानातली गल्ल्यावरची मुलगी, इत्तो. वर्षभरात चार-पाचदा तिच्याशी बोलणं झालं होतं.

“लल्ला बुश्रा, सगळं काळं झालं. पन्नास माणसं आहेत समोर. काय सांगू यांना?”

“वीस मिनिटं लागतील, इत्तो.”

“वीस मिनिटं कोण थांबतंय इथं? एक जण काउंटरवर चढायला लागलाय. तुमच्या पाया पडते, काहीतरी करा.”

करण्यासारखं काही नव्हतं. एकदा सुरू झालेलं अपडेट मधेच तोडलं तर यंत्रं रात्रभर उठत नाहीत. बुश्रा तेच सांगत होती, तेवढ्यात पलीकडे काच फुटली, कुणीतरी किंचाळलं आणि फोन बंद झाला. बुश्रानं पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मग भोंगा वाजला. कुणीतरी तिच्यापुढे तीन खजूर ठेवले. तिनं ते बाजूला सारले आणि पुन्हा इत्तोचा नंबर लावला.

सकाळी मालक सी इद्रिसनी बुश्राला आणि तौफिकला आपल्या खोलीत बोलावलं. ते सत्तरीचे, हळू बोलणारे गृहस्थ. गेल्या वर्षीच्या प्रकरणात त्यांनी तौफिकच्या शब्दावर मान डोलावली होती. हाज्जा झोहोर आधीच येऊन बसली होती. टेबलावर छापून काढलेली नोंद होती. त्यात ‘प्रमुख’ कुठेच नव्हता. तौफिक सेब्ती, वेळ साडेसहा, मंजुरी तौफिक सेब्ती, सोबत त्याचा फोन नंबर. गेल्या वर्षी हे कसं झालं असेल, हे समजायला कुणाला वेगळा कागद लागला नाही. सी इद्रिसनी एकदा बुश्राकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तौफिकच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो घाम पुसत होता आणि बुश्रा डोळे भरून ते पाहत होती. या क्षणासाठी तिनं वर्ष काढलं होतं आणि क्षण तिला हवा तस्साच होता.

मग तौफिक म्हणाला, “विनंती हिला पण गेली होती, सी इद्रिस. हिनंच थांबवायची होती.”

सी इद्रिसनी पान उलटलं. नोंद मुकी नव्हती. “परवा सकाळी अकरा चौदाला तू उघडलीस,” ते म्हणाले. “सहा मिनिटं उघडी होती. उत्तर नाही.”

हाज्जा पहिल्यांदाच बोलली. “इत्तोच्या मनगटाला अकरा टाके पडलेत. दोन बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू.” मग तिनं बुश्राकडे वळून साध्या आवाजात विचारलं, “पोरी, तुला वेळ चुकलेली दिसली नव्हती ना?”

प्रश्नातच वाट काढून दिली होती. हाज्जाला गेल्या वर्षीचं ओझं उतरवायचं असावं. ‘नाही दिसली’ एवढं म्हटलं की बुश्रा सुटत होती. तिची जागा तिला परत मिळणार होती, कदाचित तौफिकचीही. फक्त जिला साधी वेळ कळत नाही अशी बाई म्हणून सुटायचं होतं. तौफिक वर्षभर हेच तर सांगत आला होता. आणि आता तोही मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता, तिनं खोटं बोलावं म्हणून.

“दिसली होती,” बुश्रा म्हणाली. “वाचल्याबरोबर दिसली.”

“आणि गप्प बसलीस?”

“हो. गेल्या वर्षीचं मी केलं नव्हतं, हाज्जा. हे मी केलंय. इत्तोच्या हातासकट.”