पाचव्या शीलाचा खोकला

बोरगावच्या विहारात पौर्णिमेची वंदना म्हणायची ती मनोहरनेच. वीज मंडळातला लाइनमन. आवाज असा, की खांबावरून खालच्या माणसाला काही सांगितलं तर पलीकडच्या वावरातली बाईसुद्धा मान वर करून बघायची. तो पुढे बसून पंचशील म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे. पहिलं शील, दुसरं, तिसरं, खोटं न बोलण्याचं चौथं, सगळं खणखणीत. मग दारू न पिण्याचं पाचवं आलं, की मनोहरला खोकला यायचा.

खोकला मोठा समजूतदार होता. शब्द सुरू झाले की यायचा, शब्द संपले की जायचा. मागच्या पुरुषांचाही आवाज तेवढ्यापुरता खाली बसायचा. कोणी सदऱ्याची बाही सारखी करी, कोणी घड्याळ बघे. मग पाचवं शील बायकाच पार पाडायच्या. ज्यांनी जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता, त्या बिचाऱ्या दर महिन्याला दारू सोडायच्या.

मनोहरची बायको मालती. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायकांनी महिला मंडळ काढलं, आणि विहाराची किल्ली तिच्या घरी असायची म्हणून तिलाच अध्यक्ष केलं. पहिली सभा सतरंजी कोणी अंथरायची यावरच संपली. दुसऱ्या सभेत मात्र सगळ्यांत वयस्क गुलाबबाईंनी मुद्दा काढला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विहारामागे नाल्याकाठी पिंपळ लावायचा, हे ठरलंच होतं.

"ज्या झाडाखाली तथागताले ज्ञान झालं, ते झाड अशा घाणीत लावता काय वो?" गुलाबबाई म्हणाल्या. "पयले नाला साफ करा."

बायका घमेली घेऊन उतरल्या. घाण उपसली, बेशरमाची झुडपं तोडली, पाणी वाहतं केलं. चार दिवस नाला बघण्यासारखा झाला. मग वरच्या अंगाच्या दारूभट्टीतून सडलेल्या मोहफुलांचा गाळ आला आणि नाल्याला पुन्हा तोच वास सुटला. परत उपसला, परत आला. शेवटी पदर खोचून सगळ्या भट्टीवर गेल्या.

भट्टीवाल्याने हात जोडले. "बाई, मी गिऱ्हाइकासाठी गाळून राहिलो. गिऱ्हाइक थांबवा, भट्टी आपोआप थांबते. सुरुवात अध्यक्षबाईच्या घरून करा."

सगळ्यांच्या माना मालतीकडे वळल्या. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट तिच्या पोटात दडून होती. चैत्रात लोधीखेड्याकडच्या लाइनवर काम करताना मनोहरचा पाय खांबावरून सटकला होता. पट्ट्याने धरलं म्हणून वाचला. घरी येऊन म्हणाला, "वारं लय होतं." त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तेव्हापासून तो पट्टा खांद्यावर टाकून निघाला की संध्याकाळी सायकल दारात लागेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

हे तिने एकट्या मैत्रिणीला, इंदूला सांगितलं. युक्ती इंदूचीच. "आपन त्यायचा खोकला झाकतो, म्हून तो खोकला हाय," इंदू म्हणाली. "या पुनवेले चार शीलं म्हनायची आन् पाचव्याले चूप बसायचं. पाहू कोन म्हनते."

"चारचौघांत त्यायची इज्जत जाईन वो," मालती म्हणाली.

"खांबावरून पडन्यापक्षा बरी."

आषाढीच्या संध्याकाळी विहार भरला. पांढऱ्या लुगड्यांत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली. चार शीलं झाली. पाचव्याला मनोहरने पहिला शब्द उच्चारला आणि सवयीने खोकला. मागे चिडीचूप. बायका हात जोडून, डोळे मिटून अशा बसल्या, की वाटावं ध्यानच लागलं. मनोहर आणखी खोकला. खोकता खोकता त्याने मागे पाहिलं.

"पानी देऊ काय बाबू?" गुलाबबाईंनी मोठ्या मायेने विचारलं.

कुठूनतरी हसू फुटलं आणि दाबलं गेलं. मनोहरचा चेहरा लाल झाला. आता उठून जातो की काय, म्हणून मालतीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पण तो गडी उठला नाही. खोकणं थांबवून म्हणाला, "पाचवं मी म्हनत नाही. खोटं बोलनार नाही, हे चौथं आत्ताच म्हटलं ना? मंग पाचवं कसं म्हनू?"

पुरुषांच्या बाजूला माना डोलल्या. इंदूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एवढी बेतलेली युक्ती, आणि या माणसाने एका वाक्यात तिची हवा काढली. मालतीला राग आला. नवऱ्याचं जरासं कौतुकही वाटलं, त्याचा तर जास्तच राग आला.

ती उभी राहिली. "चौथं पाळता ना? मंग एक सांगा. चैतात खांबावरून पाय सटकला, तवा तुमी म्हनले, वारं होतं. त्या दिवशी मी अंगनात पापड वाळू घातले होते. एक बी पापड हालला नाही."

एवढं बोलूनही ती खाली बसली नाही. "मले भेव वाटते. तुमी घरून निंगाले का मले भेव वाटते."

मनोहरने मान खाली घातली.

"वारं नव्हतं," तो म्हणाला.

मग सरळ बसला आणि त्याने पाचवं शील म्हटलं. एकेक शब्द जपून, खांबावर एकेक पाय टाकावा तसं. त्याचं झाल्यावर मागचे पुरुष म्हणाले, आणि सगळ्यांत शेवटी बायका.

दुसऱ्या दिवशी पिंपळ लागला. वस्तीत लगेच सगळं आलबेल झालं, असं मात्र कोणी समजू नये. भट्टी चालूच होती, फक्त गिऱ्हाइकं रोडावली, तसा नाल्यातला मोहही कमी झाला. सौंसरच्या बाजाराच्या दिवशी मनोहर भट्टीच्या वाटेला लागला आणि अर्ध्यातून परतला. हे त्याने घरी येऊन आपल्याच तोंडाने सांगितलं. मालतीने ऐकून घेतलं आणि गरम भाकर त्याच्या ताटात वाढली.

श्रावणातल्या पौर्णिमेला मनोहर आठवडाभर पावसात लाइनवर भिजलेला. घसा पार बसला होता. अद्रकाचा काढा पाजून मालतीने त्याला विहारात आणलं. दुसऱ्या शीलाला तो खोकला, तिसऱ्याला खोकला. पाचवं आलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की शब्दच फुटेना. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. इंदूने मालतीला कोपराने ढोसलं.

"खराच हाय वो," मालती कुजबुजली. तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

मनोहरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. घोटभर पाणी प्यायला आणि पाचवं शील पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं. मागून सगळे म्हणू लागले. एकटी मालती गप्प होती. तिला तो घोगरा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा होता.