मागच्या भिंतीचे तीन टाके

हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या आमच्या सरांनी हाताखाली शिकणाऱ्या मॅडमना अकरा वर्षं एकच शब्द ऐकवला. उसव. टाका जरा तिरका गेला की उसव, जरा लांब पडला की उसव. मॅडम रडकुंडीला यायच्या आणि मी मनातल्या मनात सरांचा उद्धार करायचो. मी पंपवाला. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं यंत्र माझ्या ताब्यात. मलाही त्यांचा नियम होता: पंपवाल्याने मिनिटांचा आकडा सांगायचा, अक्कल सांगायची नाही.

त्या दिवशी सकाळी तेच सर ऑपरेशनच्या टेबलावर होते. हृदयातून निघणारी महाधमनी आतून फाटली होती आणि कुठल्याही क्षणी फुटली असती. मोठमोठे सर्जन त्यांना हात लावायला कचरत होते. वेदनेने पांढरे पडलेले सर स्ट्रेचरवरूनच खेकसले होते, "तिला बोलवा."

मी त्यांचं शरीर हळूहळू थंड करत अठरा अंशांवर आणलं. मॅडम म्हणाल्या, "पंप बंद." अंगात कुठेच रक्त फिरत नव्हतं. हाताशी पंचवीस मिनिटं होती, त्यापुढे मेंदूचा भरवसा नाही. तेवढ्या वेळात फाटका भाग कापून तिथे कापडी नळी शिवायची होती.

मॅडमनी धमनीची मागची भिंत आधी घेतली, कारण पुढची शिवून झाली की मागे हात पोचत नाही. काय हात चालत होता त्यांचा! वीस वर्षांत मी असं शिवणकाम पाहिलं नव्हतं.

"बारा," मी म्हणालो.

त्या थांबल्या. मागचा एक टाका किंचित लांब पडला होता. मला पडद्यावर दिसत होता आणि चांगला वाटत होता. त्यांनी सुई उलटी फिरवली आणि टाके उसवायला घेतले. एक, दोन, तीन.

तोंडाला कुलूप राहिलं नाही. "मॅडम, असू द्या ना तो. सर आहेत हे."

"सर आहेत म्हणूनच," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आकडा सांगा."

"पंधरा," मी म्हणालो.

तिन्ही टाके त्यांनी नव्याने घेतले, मग पुढची भिंत. शेवटची गाठ बसली तेव्हा तेवीस झाली होती. पंप सुरू केला, नळी रक्ताने फुगली. मॅडमनी मागच्या बाजूला रक्त टिपायचं पांढरं गॉज सरकवलं, मिनिटभर ठेवलं आणि बाहेर काढलं. पांढरंच होतं. दीड तासाने गरम झालेलं हृदय आपणहून धडधडायला लागलं, आणि मास्कआड मी चक्क रडलो.

दुसऱ्या दुपारी सरांच्या घशातली नळी काढली. मी मॅडमच्या मागे लपल्यासारखा उभा होतो.

"किती उसवलेस?" सरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तीन. मागच्या भिंतीचे."

"मला आता तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही, पोरी," सर म्हणाले. मॅडमचे डोळे भरले. मग सरांची नजर माझ्यावर आली. "आणि हा काय म्हणाला तेव्हा?"

माझं धाबं दणाणलं.

"पंधरा म्हणाले," मॅडम म्हणाल्या.