बंधुराजांपुढची गर्दी

मित्रांनो, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरलात की एक लांबलचक, अरुंद कॉरिडॉर लागतो. तिथल्या डाव्या भिंतीवर दोन सूचनाफलक शेजारी शेजारी लावलेले आहेत. ज्याच्यापुढे गर्दी दिसते, तो मी नव्हे. दुसरा, ज्याला पाठ टेकून दोघे जण निवांत गप्पा ठोकत उभे असतात, तो मी. माझ्या कपाळावर ‘विद्यार्थी मदत’ असे लिहिलेले आहे. मी आता जुना झालो आहे आणि खरे सांगायचे तर आयुष्याचा बराच काळ मी जळण्यात घालवला आहे. लाकडाने हा शब्द जपून वापरावा, हे मला कळते. पण दुसरा शब्द सापडत नाही.

शेजारचा फलक माझा सख्खा भाऊ. आम्ही दोघे एकाच सुताराच्या हातचे. एकाच लाकडाच्या चौकटी, एकाच ताग्यातले हिरवे कापड. फक्त सुताराने त्याला सकाळी केले आणि मला दुपारी, म्हणून तो थोरला. मी त्याला बंधुराज म्हणतो. सकाळी सुताराचा हात ताजा होता, त्यामुळे बंधुराजांच्या कापडावर एक सुरकुती नाही. माझ्यापर्यंत येईतो तागा संपत आला आणि खालच्या कोपऱ्यात जोड द्यावा लागला. तो अजून दिसतो. मग रंगारी आला. त्याने बंधुराजांवर ‘आगामी कार्यक्रम’ ही अक्षरे लालभडक रंगात, अक्षरांना झोकदार शेपट्या काढून रंगवली. माझ्या वेळी लाल रंग संपला होता. उरलेल्या निळ्यावर माझी बोळवण झाली. शेपट्या तर नाहीतच, पण शेवटचा ‘त’ जागेअभावी चौकटीला चिकटून अंग चोरून बसला आहे.

आम्हाला भिंतीवर लावले त्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, तीही बंधुराजांपुढची. फोटो निघाला. त्या फोटोत माझी एक कड आली आहे म्हणतात.

तेव्हापासून हेच चालले. बंधुराजांच्या अंगावर रोज नवे कपडे. आज नाटक, उद्या गाण्यांची मैफल, परवा धावण्याच्या शर्यती, मग वादविवाद, मग छायाचित्रांचे प्रदर्शन. रंगीत कागद, मोठाली अक्षरे, हसणारे चेहरे. मुलांचे घोळके येत, बोटे दाखवत, “मी जाणार, तू येतोस का?” म्हणत. माझ्या अंगावर पांढरे कागद. फी भरायला अडचण असेल तर कोणाला भेटावे, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर काय करावे, ज्याला नीट दिसत नाही त्याला परीक्षेत लेखनिक कसा मिळतो, दवाखाना केव्हा उघडतो. आणि सर्वांत खाली एक कागद: ‘परीक्षेची भीती वाटते? झोप येत नाही? आमच्याशी बोला.’ हे कागद पिवळे पडून त्यांचे कोपरे वळेपर्यंत कोणी बदलत नसे. वर कार्यक्रमवाल्या मुलांना टाचण्या कमी पडल्या की ती बिनदिक्कत माझ्या टाचण्या उपटत. माझा कागद एका टाचणीवर लोंबकळत राही आणि माझीच टाचणी लावून बंधुराज भाव खात.

हेही मी सहन केले असते. मला सर्वांत जास्त झोंबे ती लोकांची नजर. बंधुराजांकडे ते तोंड भरून बघत. माझ्यापुढे कोणी उभेच राहत नसे. बंधुराजांपुढे उभे राहायचे, त्यांच्याकडे तोंड करायचे आणि तिथूनच कधीतरी माझ्याकडे एक तिरका कटाक्ष टाकायचा. तिरक्या नजरेने बघणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. घरात न आवडणारा पाहुणा आला की त्याच्याकडे बघतात, तसे. मी मनातल्या मनात नाक मुरडून म्हणे, बघायचे तर सरळ बघा, नाहीतर बघू नका.

माझी विचारपूस करणारे माणूस एकच. मदतकक्षाच्या बाई. मुले त्यांना मॅडम म्हणत. मागच्या बाजूला जिन्याखाली त्यांची छोटी खोली होती आणि माझ्यावरचे सगळे कागद त्यांच्याच अक्षरातले. सकाळी त्या रुमालाने माझी धूळ झटकत, लोंबकळणारे कागद सरळ करत. शिपाईकाका झाडू टेकवून बघत राहत.

“मॅडम, हे वाचतं का हो कोणी?” ते एकदा म्हणाले. “मला तर कधी कोणी इथं उभं दिसलं नाही.”

“वाचत असणार, काका. नाहीतर माझ्या खोलीपर्यंत मुलं येतात कशी?”

काकांनी खांदे उडवले. मीही उडवले असते. मुले बाईंकडे येत होती हे खरे, पण त्याचे श्रेय माझे असेल असे माझ्या स्वप्नातही नव्हते.

आता माइकची गोष्ट सांगतो. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. जे कळायचे ते फलकावरून किंवा एकमेकांच्या तोंडून. माइक हे त्या मुलाचे टोपणनाव. कार्यक्रम कोणताही असो, सूत्रसंचालन त्याचेच. तो मंचावर आला की सभागृह हसायला लागे म्हणत. साहजिकच बंधुराजांच्या अंगावर त्याचा फोटो कायम असे आणि तो फोटो बघायला माइक स्वतः रोज येई. एकटा येई, थांबे, मान किंचित कलती करून उभा राही. मित्रांनी पाहिले की त्याची खैर नसे.

“अरे, स्वतःचाच फोटो किती वेळा बघशील? झिजेल तो.”

“नाक सरळ आलंय का बघत होतो,” माइक म्हणे आणि सगळे हसत हसत निघून जात.

मला त्याचा मनापासून राग येई. चेहरा त्याचा, फोटो त्याचा, गर्दी त्याची. आणि वर जाता जाता माझ्याकडे तिरका कटाक्ष. इतरांपेक्षा त्याचा कटाक्ष जरा लांबच असे. मी म्हणे, एवढी गुर्मी.

मग एके दिवशी माझे नशीब उघडले. कुलसचिव साहेब कॉरिडॉरमधून चालले होते, ते माझ्यापाशी थांबले. चक्क माझ्यापुढे, सरळ उभे.

“मदतीचा फलक असा गर्दीत दबलेला?” ते बाईंना म्हणाले. “समोरची अख्खी भिंत मोकळी आहे. तिथं लावा. वर चांगला दिवा बसवून घ्या.”

बाईंचा चेहरा खुलला. “केव्हापासून मनात होतं, साहेब. आता दिसला नाही असं कोणी म्हणायला नको.”

दुसऱ्याच दिवशी शिपाईकाकांनी मला उतरवले आणि समोरच्या भिंतीवर लावले. नवे कागद, नव्या टाचण्या, डोक्यावर स्वतःचा दिवा. मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. समोर बंधुराज एकटेच लटकत होते. त्यांच्या शेजारी माझ्या आकाराचा पांढरट चौकोन आणि दोन खिळे. मी त्यांच्याकडे दिव्याखालून बघत होतो आणि मला फार बरे वाटत होते.

ते बरे वाटणे फार टिकले नाही. माझ्यापुढे कोणी फिरकेना. पूर्वी निदान पाठ तरी टेकत, आता तेही बंद. दिव्याचा उजेड जमिनीवर पडे, तेवढी जागा सोडून मुले कडेकडेने जात. एकदा एक मुलगी आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी ताठ झालो. तेवढ्यात मागून पावले वाजली. ती घाईघाईने खाली वाकली, बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली आणि निघून गेली.

बाई रोज येत. धूळ नसली तरी रुमाल फिरवत.

“काका, आठवडा झाला, खोलीत कोणीच आलं नाही.”

“मग बरंच की, मॅडम. कोणाला काही त्रास नाही म्हणायचा.”

“असं कधी होतं का?” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटले, त्या माझ्यावर नाराज आहेत. त्या दिवशी मला दिव्याची लाज वाटली.

समोर बंधुराजांवर नाटकाची मोठी जाहिरात लागली होती. कोपऱ्यात माइकचा फोटो. एका सकाळी कोणीतरी त्या फोटोवर कागदाची पट्टी चिकटवली आणि दुसऱ्याच मुलाचे नाव लिहिले. आपण खूश व्हायला हवे, असे मला वाटले. पण झालो नाही.

“आपला माइक चालला,” शिपाईकाका बाईंना सांगत होते. “परीक्षेला बसणार नाही म्हणतो. शिक्षणच सोडतोय. मागच्या वेळी म्हणे पेपर हातात घेतला आणि कोराच देऊन उठला. घरी अजून काही सांगितलेलं नाही.”

“कोणाशी बोलला का तो?”

“तो? मॅडम, तोच सगळ्यांशी बोलतो की.”

एवढे बोलणे होते आहे तोच माइक आला. पाठीवर बॅग, हातात गुंडाळलेली वळकटी. दुपारची वेळ, कॉरिडॉर भरलेला. तो बंधुराजांपुढच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, नेहमीच्याच जागी. आता त्याचा फोटोसुद्धा तिथे नव्हता. मला इतकी वर्षे सगळ्यांची तोंडे दिसत, आता समोरून पाठी दिसत होत्या. सगळ्यांची डोकी नाटकाच्या जाहिरातीकडे होती. माइकची मान तेवढी उजवीकडे कलली होती. तो त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होता, जिथे पूर्वी मी होतो.

बाईंनाही ते दिसले. त्या कॉरिडॉर ओलांडून त्याच्या शेजारी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “तिथे काय बघतोयस? तिथे काहीच नाही.”

“होतं,” माइक म्हणाला.

“तो फलक आता समोर आहे. वर दिवा लावलाय. लांबूनसुद्धा दिसतो.”

“म्हणून तर, मॅडम. तिथं उभं राहिलं की लांबून आपणही दिसतो.” त्याने वळकटी दुसऱ्या हातात घेतली. “इथं कसं, मी माझा फोटो बघतोय असं वाटायचं सगळ्यांना. मान फार वेळ वळवता येत नाही, म्हणून रोज थोडं थोडं वाचत होतो. झोप येत नाही, तिथपासून सुरुवात केली. तुम्हाला भेटायची वेळ वाचून झाली होती. खोली कुठं ते तेवढं राहिलं, आणि तुम्ही बोर्डच हलवलात.”

मित्रांनो, माझ्या दिव्याखाली मी गार पडलो. ते सगळे तिरके कटाक्ष मला आठवायला लागले. एकेक चेहरा. मी ज्यांना गर्विष्ठ म्हणत होतो, ते वाचत होते. बंधुराजांपुढची कितीतरी गर्दी माझी होती आणि मी तिच्यावर जळत होतो.

“चल, खोली मी दाखवते,” बाई म्हणाल्या.

माइक हलला नाही. त्याने फक्त डोळ्यांनी आजूबाजूची गर्दी दाखवली. बाईंच्या ते लगेच ध्यानात आले. त्यांनी आवाज चढवला, अगदी टोकापर्यंत जाईल असा.

“तुमच्या कार्यक्रमाचं सामान माझ्या खोलीत कधीचं पडलंय! उचलायला कोणी येणार आहे की नाही? तू रे, चल माझ्याबरोबर.”

“सापडला रे माइक,” घोळक्यातून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. माइकही हसला आणि बॅग, वळकटीसकट बाईंच्या मागोमाग जिन्याकडे गेला. बाईंच्या खोलीत कसलेही सामान नव्हते, हे मला आणि शिपाईकाकांना माहीत होते. काकांनी झाडू उचलला आणि उगाचच ती जागा झाडायला घेतली. त्या दिवशी माइक गावाकडच्या गाडीला गेला नाही.

बाईंनी मला परत जुन्या जागी लावून घेतले. कुलसचिव साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

“पुन्हा त्याला गर्दीत टाकलंत?”

“गर्दीत नाही, साहेब. गर्दीच्या शेजारी.”

खोलीचा पत्ता बाईंनी आता डाव्या कडेला, मोठ्या अक्षरात लिहिला. तिरके वाचणाऱ्याला आधी तेच दिसावे म्हणून.

माइक परीक्षेला बसला. पेपर कसे गेले ते मला ठाऊक नाही, पण तो शेवटपर्यंत बसून बाहेर पडला एवढे शिपाईकाकांनी सांगितले. पुढच्या सत्रात बंधुराजांवर त्याचा फोटो पुन्हा झळकला आणि तो बघायला तो आला. ताठ मानेने, समोर बघत. माझ्याकडे त्याने एकदाही वळून पाहिले नाही. ज्याचे काम झाले, तो माझ्याकडे बघत नाही. हे चांगले असते, हे मला आता कळते. तरीही मी जळलो. बंधुराजांकडे हसरा माइक आणि माझ्याकडे कोणी नाही, असे वाटून थोडासा जळलोच.

तेवढ्यात त्याच्या डाव्या बाजूला एक मुलगी येऊन उभी राहिली. तोंड बंधुराजांकडे, मान जराशी माझ्या दिशेला. मध्ये माइक उभा होता, त्यामुळे तिला मी दिसत नसणार. माइकने तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. तो नुसता एक पाऊल मागे सरला आणि मागून येणाऱ्या मित्रांना पाठीनेच अडवून मोठमोठ्याने काहीतरी गंमत सांगायला लागला. मुलगी वाचत राहिली.

मित्रांनो, माझ्या टाचण्या उपटू नका, हे तर सांगायलाच हवे. पण माझ्यापुढे येऊन उभे राहा, असे मी म्हणणार नाही. बंधुराजांपुढेच गर्दी करा. मात्र तुमच्या शेजारी कोणी मान कलती करून उभे असेल, तर ते कुठे बघत आहे ते बघायला जाऊ नका. एक पाऊल मागे सरा.