सरगुंड्यांचा दुसरा डबा

माझी घरघर ऐकून वैतागू नका. मी फ्रिज आहे आणि मला बोलायला तेवढंच येतं.

माझा जन्म रशियातला. पांढराशुभ्र, गुबगुबीत, दाराला चकचकीत मूठ. तिकडे खिडकीबाहेर टांगलेलं मांससुद्धा गोठतं, तिथे मला कोण विचारणार? पण आमच्या साहेबांना पोलादाचा कारखाना उभारायला भिलाईला यावं लागलं आणि लाकडी खोक्यात बसून मीही आलो. इथे उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकलं की भट्टीच. माझा भाव एकदम वधारला.

स्वयंपाकघरात दोघी असायच्या, वेरा मेमसाहेब आणि कामाला येणारी भंडाऱ्याकडची मैनाबाई. मेमसाहेब मैद्याच्या पारीत खिमा भरून इवलेसे मोदक करायच्या. ते ताटात सुटे सुटे मांडून माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या, दगडासारखे झाले की मगच एकत्र करायच्या. म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. मैनाबाई भांडी घासता घासता सगळं बघून घ्यायची.

तिची लेक जया जवळच्या उतई गावात दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना, आणि डोहाळे सरगुंड्यांचे, त्या पोकळ शेवयांचे. कणीक बारीक काडीवर गुंडाळायची, अलगद काढायची, मग उन्हात वाळवायची. पण पावसाची झड लागलेली. जरा उघडलं तर खाटेवर कारखान्याची लाल धूळ. शेवटी मैनाबाईने ओलेच सरगुंडे मेमसाहेबांच्या रीतीने गोठवले आणि दोन डबे भरून, वर फडकं बांधून त्याच कप्प्यात खाली ठेवले.

"एक सातव्या महिन्याचा," ती चौकीदार श्यामरावला हसत म्हणाली, "अन् दुसरा लेकरू झाल्यावर."

मग साहेब-मेमसाहेब पुरीला समुद्र बघायला गेले, मैनाबाईलाही सुट्टी मिळाली. विजा कडाडायला लागल्या तसा श्यामरावने मेन बंद केला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण पाऊस ओसरल्यावर तो चालू करायचं विसरला.

माझ्या पोटात ऊब भरली. बर्फ वितळला. वरच्या ताटातलं खिम्याचं पाणी ठिबकत ठिबकत खालच्या डब्यांवर पडलं, फडक्यातून आत झिरपलं. आंबूस वास सुटला. मी ओरडणार कसा? वीज नसली की मी मुकाच.

मालक परतायच्या आदल्या दिवशी श्यामरावला आठवण झाली. त्याने मेन चालू केला आणि फरशीवरचं पाणी पुसून टाकलं. मी सगळं पुन्हा गोठवलं. मला दुसरं काय येतं? वाससुद्धा बर्फाखाली दबून गेला.

सकाळी मैनाबाई आली. तिने डबा हलवला. तो खुळखुळला नाही.

"श्यामराव, हे चिकटले कावून जी? मी तं सुटे ठेवले होते."

"थंडीनं होते तसं. मशीन आहे ना बाई, खराब थोडी होऊ देते."

तिने बर्फाला बोट लावून पाहिलं. मी जीव तोडून घरघरलो. तिने एक डबा पिशवीत घातला, दार लावलं आणि उतईची बस पकडायला निघून गेली.

दुपारी मेमसाहेब आल्या. कप्पा उघडला, मोदकांचा गोळा उचलून हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. मग खाली एका डब्याची रिकामी जागा दिसली. "मैना! मैना!" करत त्या अनवाणीच फाटकापर्यंत धावल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं.

त्यांनी आपले मोदक फेकले. मैनाबाईच्या दुसऱ्या डब्याला मात्र हात लावला नाही.

मैनाबाई पुष्कळ दिवसांनी आली आणि दारातच उभी राहिली. "सरगुंडे खाल्ले अन् उलट्या लागल्या. जया वाचली मेमसाब. लेकरू नाही राह्यलं."

मेमसाहेबांनी तिचे हात धरले. त्यांना हिंदीत तेवढेच शब्द सापडले, "बिजली... बंद..."

मैनाबाई श्यामरावकडे वळली. "लाइट बंद होती का जी?"

श्यामरावने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही जी. चालूच होती."

"मंग माह्याच हाताचं काही झालं," ती म्हणाली. तिने दुसरा डबा काढला, पदराखाली घेतला आणि गेली. त्यानंतर तिने माझं दार कधी उघडलं नाही.

मेमसाहेब मायदेशी गेल्या. मी आता जवळच्याच मोहन नगरात एका घरी असतो. इथेही वीज जाते, येते. लोक बर्फाला बोट लावून समाधान मानतात, तेव्हा माझा थरकाप होतो. सुटं ठेवलेलं चिकटलेलं दिसलं तर कोणाच्या ताटात वाढू नका, एवढं ऐका माझं.

आणि मैनाबाई कुठे भेटली, तर तिला सांगा. तिच्या हाताचं काही चुकलं नव्हतं.